कष्टकऱ्यांची पाठ आणि गादीचा प्रश्न

चळवळीत पाठीच्या कण्यावर आपण पुष्कळ बोलतो. ताठ कण्याने जगा, कणा गहाण टाकू नका, असे आम्हीही अनेक सभांत बोललो आहोत. पण त्याच सभेत भिंतीला टेकून बसलेल्या आयाबायांच्या कण्याला प्रत्यक्षात काय झाले आहे, यावर बोलायला सहसा कुणी उठत नाही. कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतल्या कुठल्याही वस्तीत जा आणि चाळिशी ओलांडलेल्या दहा जणांना विचारा. कंबर, मान किंवा गुडघा यांपैकी काहीच दुखत नाही असा माणूस सापडायला वेळ लागेल. म्हणून आज आम्ही गादीवर लिहीत आहोत. विषय घरगुती वाटेल, पण त्यात जात, श्रम आणि बाजार तिन्ही आहेत.

आमच्या आईने १८ हंगाम ऊसतोड केली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुटका नाही, आणि आजारपणाने एक दिवस घरी राहिले तर खाडा लागतो. पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर कमरेतून वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी आली की तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे. मजुरी टनावर ठरते, म्हणजे पैसा मानेने आणि कमरेनेच मिळवायचा. रात्री कोपीत पाचट पसरायचे, त्यावर वाकळ टाकायची आणि पडायचे. आता तिचे वय साठीला आले आहे. सकाळी अंथरुणातून उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

तिला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दोन मिनिटांत सांगितले, "खाली फरशीवर झोपा, गादी बंद." त्यानंतर आम्ही भावंडांनी पैसे जमवून एका मोठ्या दुकानात चौकशी केली. तिथे १८ हजारांची 'ऑर्थोपेडिक' गादी पुढे आली, हप्त्यावर. एकीकडे फुकटची फरशी आणि दुसरीकडे वर्षभराचा हप्ता. गरिबाला बहुतेक वेळा हे दोनच पर्याय दाखवले जातात. म्हणून आम्ही थोडे वाचायचे ठरवले.

'पाठदुखीला जितके कडक तितके चांगले' ही समजूत जगभर होती. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. कुणाला कोणती मिळाली हे रुग्णांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांचे झोपेतले आणि उठतानाचे दुखणे अधिक कमी झाले होते, रोजची कामेही त्यांना जास्त सोपी जात होती. हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ साली आला. म्हणजे फरशीचा सल्ला सरसकट सगळ्यांना देण्याला आधार नाही. आणि 'ऑर्थोपेडिक' हा गादीवर छापलेला शब्द म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हे, तो विक्रीचा शब्द आहे.

पण आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला काय करायची रं गादी? आमची हाडं जमिनीचीच." हे वाक्य आम्हाला बोचले. समाजशास्त्र शिकताना मार्सेल मॉस वाचला होता. चालणे, बसणे, झोपणे हे निसर्गाने ठरत नाही, प्रत्येक समाज ते आपल्या माणसांना शिकवतो, हे त्याने १९३४ सालच्या व्याख्यानात मांडले. आपल्याकडे हे शिकवण्याचे काम जातीने केले. कुणी बाजेवर बसायचे आणि कुणी समोर जमिनीवर, हे गावाने ठरवून दिले होते. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर झोपवलेल्या माणसाला शेवटी वाटू लागते की आपली हाडेच जमिनीची आहेत. बघणारेही म्हणतात, "त्यांना सवय असते." सवय असते हे खरे, पण मणक्यातली चकती जात विचारून झिजत नाही. अमुक माणसे कष्टासाठीच घडली आहेत, त्यांना आराम लागत नाही, हा विचार आपण ग्रंथांत नाकारला असेल तर तो अंथरुणावरही नाकारला पाहिजे.

विहारातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला अष्टशीलाची आठवण करून दिली. उंच आणि ऐश्वर्यसंपन्न शय्या वर्ज्य करण्याचे शील त्यात आहे, हे बरोबर. पण ते उपोसथाच्या दिवशी घ्यायचे व्रत आहे आणि त्याचा रोख ऐषारामावर आहे. दुखणाऱ्या माणसाने दुखणे वाढवावे असा त्याचा अर्थ होत नाही. भगवान बुद्धांनी देहदंडाचा मार्ग स्वतः चालून पाहिला आणि सोडून दिला. फार मऊ नाही, फार कडक नाही, हे मध्यम मार्ग मानणाऱ्यांना तरी पटायला हरकत नसावी.

आता निवड कशी करायची ते सांगतो. दुकानात गादी हाताने दाबून काही कळत नाही. चपला काढून, रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर किमान दहा मिनिटे पडून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. उताणे पडून कमरेखालच्या पोकळीत हात घाला. हात आरपार सहज जात असेल तर गादी तुम्हाला फार कडक आहे. कंबर खड्ड्यात गेल्यासारखी वाटत असेल आणि कूस बदलायला जोर लागत असेल तर फार मऊ आहे. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि नितंब थोडे रुततील इतका मऊपणा लागतो. वजनदार माणसाला जरा जास्त कडक गादी लागते. त्यामुळे शेजाऱ्याला मानवली ती तुम्हाला मानवेलच असे नाही.

गादीखाली काय आहे तेही पाहा. नवार सैल पडून झोळी झालेल्या बाजेवर कितीही महाग गादी टाका, ती वाकणारच. काथ्याची गादी कडक असते आणि हवा खेळती राहते. फोमच्या चुऱ्यापासून दाबून केलेली गादी बरीच कडक असते. मेमरी फोम अंगाचा आकार घेतो, पण आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तो गरम होतो. कापसाची गादी स्वस्त आणि दुरुस्त करता येणारी आहे. तिच्यात गाठी झाल्या की पिंजून घ्यावी, अधूनमधून ऊन दाखवावे.

मानेचे दुखणे असेल तर गादीइतकीच उशी महत्त्वाची आहे. कुशीवर झोपताना कान आणि खांदा यांमधले अंतर भरून निघेल इतकी उशी हवी, उताणे झोपताना त्यापेक्षा पातळ. दोन उशा रचून मोबाईल पाहत झोपणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांनी हे विशेष वाचावे. पालथे झोपल्यावर मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते, म्हणून ते टाळावे.

आमच्या घरी शेवटी असे झाले. गावातल्या नदाफ चाचांकडून कापसाची घट्ट भरलेली गादी करून घेतली आणि ती लाकडी दिवाणावर टाकली. दुकानातल्या गादीच्या चौथाई पैशात काम झाले. दिवाणाची उंची आईच्या गुडघ्याइतकी ठेवली, म्हणजे जमिनीवरून उठण्याची कसरत संपली. कुशीवर झोपताना ती गुडघ्यांमध्ये जुनी उशी धरते. फिजिओथेरपीचे व्यायामही चालू आहेत. दुखणे गेले नाही, पण सकाळी भिंत धरावी लागत नाही. पहिले चार दिवस ती रात्री उतरून खालीच झोपायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "राहू द्या, बरी हाय."

काही लक्षणांत मात्र गादीचा विचार करत बसू नका. पायात बधिरपणा किंवा ताकद कमी होणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, किंवा पाठदुखीसोबत ताप आणि वजन घटणे, यांत ताबडतोब दवाखाना गाठा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आहे आणि तो उपचाराने बरा होतो. साध्या कंबरदुखीत दिवसेंदिवस पडून राहणेही चांगले नाही, झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. म्हणजे हे एकट्यादुकट्याचे नशीब नाही, आणि गादी हा त्यावरचा पूर्ण उपायही नाही. ज्या कामाने पाठ मोडते ते काम तसेच राहिले तर गादी फक्त रात्रीपुरती. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कामगारांचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. विश्रांती ही मालकाची मेहरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हा त्यामागचा विचार. साखर कारखान्याच्या आत तो पोहोचला, फाटकाबाहेरच्या फडात अजून पोहोचायचा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. ऊसतोड कुटुंबांची माहिती गोळा करताना उचल आणि दर यांसोबत हेही विचारा : कशावर झोपता, किती तास झोपता, उठताना काय दुखते? मोळीच्या वजनाला मर्यादा, कोपीत जमिनीपासून उंच आणि कोरडी झोपायची जागा, हंगामाआधी आणि नंतर पाठीची तपासणी, या मागण्या आपल्या निवेदनात आल्या पाहिजेत. आणि निवेदन लिहिण्याआधी आज रात्री एवढे करा. आपल्या घरातली आई, आजी, काकी कुठे झोपते ते पाहा. घरात एकच चांगली गादी असेल तर ती कुणाच्या वाट्याला येते, तेही पाहा.

जय भीम!