खेकड्याचं भोक

पाण्याची पाळी रात्रीची असली की आबा हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन पाटाच्या कडेनं उलटे वर चालत जायचे. वाफ्याला पाणी कमी पडतंय म्हटल्यावर ते वाफ्याकडं बघायचेच नाहीत. बांधाच्या मागच्या अंगाला ओल कुठं दिसते, ते हुडकायचे. "बांध वरनं झ्याकच दिसतुया. खेकडा आत असतुया," म्हणायचे आणि भोकात चिखलाचा गोळा दाबायचे.

सत्तरी ओलांडल्यावर मुतखड्यासाठी त्यांची सोनोग्राफी केली, तर निघालं भलतंच. पोटातली मुख्य धमनी, जी एरवी दोनेक सेंटीमीटर रुंद असते, ती फुगून ५.८ झाली होती. फुटली असती तर दवाखान्यापर्यंत पोचणंसुद्धा अवघड होतं. पन्नास वर्षं ओढलेल्या विड्यांचा त्यात वाटा होताच.

पुण्याच्या डॉक्टरांनी पोट न फाडता दोन्ही जांघांतून कापड मढवलेली जाळीची नळी आत सरकवली. वर एक तोंड, खाली दोन पाय, अगदी विजारीसारखी. रक्त आता नळीतून जाणार आणि बाहेरच्या फुग्यावरचा दाब हटणार. आबा चौथ्या दिवशी घरी आले. सोबत कागद होता : दरवर्षी तपासणी, जन्मभर.

पहिल्या वर्षी गेलो. सगळं ठीक होतं. पुढची दोन वर्षं मात्र मी नेलं नाही. एकदा ऊसतोड आली, एकदा पोरीचं लग्न. आबा भाकरी खात होते, रानात जात होते. कशाला पुण्याला हेलपाटा?

तिसऱ्या वर्षी नेलं, तर फुगा ६.६ वर गेलेला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. पाठीकडच्या बारक्या शिरा पूर्वी या धमनीतून रक्त न्यायच्या. आता त्यांच्यातूनच रक्त उलटं फुग्यात येत होतं. "नळीच्या तोंडाशी किंवा सांध्यात गळत असतं, तर लगेच दुरुस्ती करावी लागते. ही बाजूची गळती बरेचदा आपोआप बुजते. फुगा वाढत नसेल तर आम्ही नुसती नजर ठेवतो. पण यांचा वाढलाय."

मी मान खाली घातली. आबाच म्हणाले, "म्हंजी पाटाचं तोंड बांधलं, पण शेजारच्या चरातनं पाणी माघारी येतंय."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले.

आबांना पालथं झोपवलं. भूल दिली ती सुईच्या जागेपुरती. स्कॅनवर बघत पाठीतून लांब सुई फुग्यात घातली आणि बारीक तारेची वेटोळी अन् औषधी गोंद सोडून ती वाट बुजवली.

परतताना एसटीत मी म्हणालो, "आबा, तुम्हाला दुखत नव्हतं, म्हणून मला वाटलं..."

"बांध कवा बोंबलतुया का रं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्येला फिरूनच बघाय लागतंय."

त्यापुढं ते काही बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. फुगा वाढला नव्हता. गोंद धरला होता. तरी डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून दिली. दाराआडच्या खिळ्याला पाण्याचं पाळीपत्रक टांगलेलं असतं. हल्ली त्याच खिळ्याला दवाखान्याचा कागदही असतो, आणि महिना बदलला की आबा आधी तो खाली काढून मला वाचायला लावतात.