आमचें आडनांव

मनुष्याचें नांव त्याच्या जन्मानंतर ठरतें. आडनांव मात्र त्याच्या आधींच घरांत येऊन बसलेलें असतें. त्यामुळें तें अनादि आहे असें आपणांस वाटतें. वस्तुतः तसें नाहीं. जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळचें आडनांव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून तें फुले झालें. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिणारे बाबा पदमनजी यांचें कुलनाम मुळे. परंतु आडनांवाच्या जागीं त्यांनीं वडिलांचें नांव चालविलें. वसईच्या ख्रिस्ती बांधवांत पोर्तुगीज अमदानींत पोर्तुगीज आडनांवें रूढ झालीं. तथापि त्यांच्यांतीलच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० सालीं उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) येथें भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

आमच्या घराण्यांत तर एकाच आजोबांच्या वंशांत तीन आडनांवें होतीं. थोरल्या काकांच्या दाखल्यावर मास्तरांनीं गांवाच्या नांवास ‘कर’ जोडून लिहिलें. आमच्या वडिलांपुढें आजोबांचें बाप्तिस्म्याचें नांवच आडनांव होऊन बसलें. धाकट्या काकांकडे भाऊबंदांचें जुनें आडनांव राहिलें. पुढें गांवचें घर सर्वांच्या नांवें करण्याची वेळ आली, तेव्हां आम्ही एका रक्ताचे आहों हें कागदोपत्रीं सिद्ध करतां करतां नाकीं नऊ आले. अखेर नाताळच्या सुटींत सर्वजण जमलों व यापुढें एकच आडनांव लावावें असें ठरलें. कोणतें, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता.

तरुण मंडळींचा ओढा गांवाच्या नांवाकडे होता. ‘कर’ शेवटीं असलेलीं आडनांवें अनेक जातींत सांपडतात. त्यांवरून सहसा कांहीं ओळखतां येत नाहीं. शहरांत भाड्याची खोली पाहावयास गेलें असतां “पूर्ण नांव काय?” या प्रश्नाच्या पोटांत दुसराच प्रश्न असतो, हें आमच्या पुतण्यानें अनुभविलें होतें. जुनें आडनांव सांगितलें कीं त्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तत्काळ मिळतें, आणि खोली मिळत नाहीं. आम्हीं रेव्हरंड टिळकांचा दाखला दिला. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावरही नारायण वामन टिळकांनीं आपलें आडनांव सोडलें नाहीं. त्यावर पुतण्या म्हणाला, “काका, त्या आडनांवाला मान होता. आपल्या आडनांवाला लोक अंगणांतूनच परत पाठवीत.” हें खरें होतें, आणि आम्हांपाशीं त्यास उत्तर नव्हतें.

उत्तर दिलें तें आत्याबाईंनीं. त्या म्हणाल्या, “माझें आडनांव लग्नांत गेलें; तेव्हां मला कोणी विचारलें नाहीं. तुम्हांला निवडतां येतें आहे, तर नीट निवडा. नांव लपवून मिळालेल्या खोलींत माणूस रोज भीत राहतो. आणि गांवीं आपले भाऊबंद आहेत. धर्म वेगळा झाला तरी तुझ्या पणजोबांना त्यांनीं खांदा दिला. आतां त्यांना काय सांगशील? आम्ही तुमचे नव्हेत म्हणून?”

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं जुनेंच आडनांव सर्वांनीं लावावें असें ठरलें. पुतण्यानें दोन दिवस विचार करून होकार दिला. मात्र आपली मुलगी मोठी झाल्यावर तिला स्वतः निवडण्याची मोकळीक असावी, अशी अट त्यानें घातली. ती आम्हीं आनंदानें मान्य केली.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजीं व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नांवांत, वडिलांच्या नांवाआधीं आईचें नांव लिहावयाचें आहे. म्हणजे नांव लिहिण्याची रीत आजही घडतच आहे. आडनांवावरून आपले पूर्वज कोठें राहिले, त्यांनीं काय केलें, त्यांस लोकांनीं कसें वागविलें, हें थोडेंबहुत कळतें. त्यांची किंवा आपली योग्यता त्यावरून कळत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपलें आडनांव कोठून आलें, हें घरच्या वडीलधाऱ्यांस या सुटींत अवश्य विचारा. परंतु वर्गांत नवा मुलगा आला, तर त्यास त्याचें नांव विचारा आणि तेवढ्यावर थांबा. पुढचें सांगावयाचें कीं नाहीं, तें त्याच्यावर सोपवा.