ऐकणारं कुणी नसताना

९ एप्रिल १८६० रोजी पॅरिसमध्ये एदुआर-लिआँ स्कॉट द मार्टिनव्हिल यांनी आपल्या यंत्रासमोर एक फ्रेंच लोकगीत म्हटलं. ते छपाईच्या व्यवसायातले. आवाज डोळ्यांना दिसावा, एवढाच त्यांचा ध्यास. कर्ण्याच्या टोकाला ताणलेला पडदा, पडद्याच्या हालचालीबरोबर हलणारा एक राठ केस आणि त्या केसाखाली फिरणारा, काजळी धरलेला कागद. सूर लागला की पडदा थरथरायचा आणि काजळीत नागमोडी रेघ उमटायची. ती रेघ पुन्हा ऐकता येईल हे त्यांच्या मनातही नव्हतं. २००८ साली संशोधकांनी कागद स्कॅन करून संगणकाकडून ती वाजवून घेतली. आधी वाटलं, एखादी मुलगी गाते आहे. मग लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. तो पुरुषाचा आवाज होता, बहुधा खुद्द स्कॉट यांचाच, एकेक सूर सावकाश लावणारा.

रात्री सगळं आवरलं की मी इंटरनेटवर अशा आवाजांच्या मागे भटकते. त्यात वेळ फुकट जातो असं मला कधीच वाटलेलं नाही. काही आवाज मात्र झोप उडवतात. हवाई बेटांतल्या काउआई ओओ या पक्ष्याचा तसा आहे. बासरीसारखी ओली, पोकळ शीळ. या जातीत नर-मादी दोघंही गात. डासांनी पसरवलेला हिवताप, उंदीर, तोडलेलं रान आणि वादळं यांनी ही जात संपवत आणली. शेवटच्या नराचा आवाज १९८७ साली ऐकू आला, त्यानंतर कधीच नाही. त्याची शीळ कुणीही केव्हाही ऐकू शकतं. तो गातो, थांबतो, पुन्हा गातो. त्या थांबण्यात मादीचं उत्तर यायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

आणि मग आपल्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाया तीन हजारांवर. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर आता त्या ऐकायला मिळतात. सीता, भाऊ, पाऊस, पंढरी, बाबासाहेब, सगळं त्यांत आहे. खुंटा ओढायचा, मूठभर दाणे वैरायचे आणि त्या लयीत मनातलं बोलायचं. एकीने ओळ सोडली की दुसरी ती उचलते. घरात सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई इथे बोलते, तेही पहाटे, घर झोपेत असताना. काही ओव्यांत ती जात्यालाच देव मानून त्याच्याशी बोलते. गिरणी आली, दळणाचे कष्ट गेले. ते गेले हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर बोलायची ती जागाही गेली, हे मला सलतं.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती ‘पारी’वरची नोंद. ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. आपल्या लोकगीतांच्या किती संग्रहांत ‘पारंपरिक’ एवढंच छापून या बायांना पुसून टाकलं आहे!

भावावरची एक ओवी मी मावशीला ऐकवली. निम्म्यातच तिने हात वर केला. “आमच्याकडं अशी नाही म्हणत गं,” म्हणाली आणि मांडी ठोकत तिच्या सासरची ओवी तिने सुरू केली. फोनचा रेकॉर्डर शोधून मी सुरू करेपर्यंत ती तिसऱ्या ओवीवर पोचली होती. “थांब, पहिल्यापासून म्हण,” मी म्हटलं. “आधी तुझं नाव सांग, मग गावाचं.”