काढलेला तीळ जातो कुठे?

‘तीळ, चामखीळ काढून मिळेल’ अशी पाटी एखाद्या पार्लरच्या दारावर असते आणि काम पाच मिनिटांत होतंही. माझा आक्षेप त्या पाच मिनिटांना नाही, नंतर हाती काहीच उरत नाही याला आहे. तीळ जाळून टाकला की तो साधा होता की मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, हे कुठलाच पॅथॉलॉजिस्ट सांगू शकत नाही. म्हणून पदवी बघावीच, पण काढलेला तुकडा तपासायला पाठवणार का, हेही विचारावं. चांगला त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोप टेकवून तिळाचे काठ नि रंग न्याहाळतो आणि बहुतेकदा ‘राहू द्या’ म्हणतो. कातडीखाली सरकणारी मऊ चरबीची गाठ मात्र सर्जनचं काम.

‘आपल्याकडे हा कॅन्सर दुर्मीळच की!’ खरंय. पण सावळ्या त्वचेत तो झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि तळपायाच्या तिळाला आपण प्रवासयोग म्हणून मोकळे होतो! गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यात तो 1977 मध्ये सापडला. 1981 मध्ये, छत्तिसाव्या वर्षी मार्ली गेला. सुरी लागली की रोग पसरतो, या भीतीनेही लोक बायोप्सी टाळतात. या भीतीला आधार नाही; पसरायला वेळ मिळतो तो टाळाटाळीमुळे. नखाखालच्या काळ्या डागाचं म्हणाल, तर ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतं. मुळापासून निघालेला काळा पट्टा जागचा हलत नसेल, उलट रुंदावत असेल, तर त्यावर नेलपॉलिश लावू नये.