“आमच्या येथे तर चालते!”

जगातील सबबींची प्रतवारी लावावयाची झाल्यास आम्ही अग्रपूजेचा मान “आमच्या येथे तर चालते!” या वाक्यास देऊ. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने रचलेली संगणकप्रणाली परीक्षकांपुढे मान टाकते, तेव्हा हे वाक्य हटकून ऐकू येते. आणि मौज अशी की, ते बहुधा खरेच असते.

आमचे वास्तव्य हिंजवडीशेजारी मारुंजीस. येथे भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचे चार महिन्यांचे श्रम असेच वाया जाऊ पाहत होते. तिच्या लॅपटॉपवर डेटाबेसची एक आवृत्ती, प्रयोगशाळेत दुसरी! कष्ट खरे, बुद्धी खरी. गुण मात्र गेले.

वेबवरील प्रणाली म्हणजे एकटा गडी नव्हे, ते एकत्र कुटुंब आहे. दर्शनी पाने दाखविणारा एक, मागील कारभार पाहणारा दुसरा, नोंदी सांभाळणारा डेटाबेस तिसरा. आणि प्रत्येकाचे पथ्य निराळे. २०१३ साली सॉलोमन हाइक्स यांनी जगापुढे मांडलेल्या ‘डॉकर’ने यांवर सोपा तोडगा दिला. प्रत्येकास त्याच्या पथ्यासह स्वतंत्र डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, बसवावे. कल्पना बंदरावरची. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. पेटीत काय आहे याची उठाठेव क्रेनने करावयाची नाही, हे त्यातील मर्म. चाकणचा माल न्हावाशेव्यास जातो तोही याच तत्त्वावर.

अनेक डबे एकदम चालवावयाचे, तर ‘कंपोज’ची एक साधी फाईल लिहावी लागते. कोणता डबा, कोणती आवृत्ती, कोणते दार उघडे, हे सारे तीत नमूद करावयाचे. मग एका आज्ञेसरशी सारे कुटुंब उभे राहते. तथापि येथेही नवशिक्यास चकवे आहेतच. डब्यातून ‘लोकलहोस्ट’ म्हटले की, तो डबा स्वतःकडेच पाहतो. शेजाऱ्यास फाईलमधील त्याच्या नावानेच हाक मारली पाहिजे. डबा काढून टाकला की आतील नोंदीही जातात. त्या टिकाव्यात म्हणून निराळे कोठार नेमून द्यावे लागते. डेटाबेस आधी सुरू करा असे लिहिले, तरी तो नुसता ‘सुरू झाला’ एवढेच पाहिले जाते. तो कामास सिद्ध आहे की नाही, हे जाणण्यास प्रकृतीची तपासणी वेगळी लिहावी लागते.

डबे फुकट पोसले जातात असेही नाही. विंडोजवर त्यांच्यासाठी आत एक छोटे लिनक्स यंत्र चालवावे लागते, आणि चार जीबी स्मृतीचा गरिबाघरचा लॅपटॉप त्या भाराने धापा टाकू लागतो. शिवाय दुसऱ्याची फाईल उतरवून घेणाऱ्यास काही बिघडले की हात चोळीतच बसावे लागते.

तरीही आमचा कौल डब्यांच्याच बाजूने आहे, आणि तो सोयीसाठी नव्हे. आमच्या घरोघरी आमटीचे प्रमाण ‘अंदाजाने’ असे. हात गेला की चवही गेली. आपले काम कशाकशावर उभे आहे, हे स्वच्छ लिहून ठेवणे हा एक नैतिक संस्कारच होय. ज्याने ते लिहिले, त्याची विद्या त्याच्या यंत्रापुरती राहत नाही. ती परक्याच्या घरीही उभी राहते.