थंडीतलं नौकानयन आणि हातमोजे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउथॅम्प्टनजवळच्या सोलेंट सामुद्रधुनीत मी हिवाळ्यातही शिडाची होडी चालवते. पुण्याचे नातेवाईक विचारतात, "अगं, थंडी नाही का वाजत?" इथले रुग्ण मात्र, आपली डॉक्टर होडीवालीही आहे हे कळलं की नेमकं विचारतात, "हातमोजे कोणते घेऊ?" प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याचं अर्धं उत्तर आपल्या शरीरात आहे. म्हणून आधी शरीराकडे बघू.

मुंबईच्या समुद्राचं पाणी जानेवारीतही २५ अंशांच्या आसपास असतं. इथे फेब्रुवारीत ते साधारण ७ ते ९ अंशांवर येतं. त्यातून पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे ८ अंशांच्या कोरड्या हवेत आपण बाजारहाट करून येऊ, पण त्याच तापमानाचा ओला दोर सतत ओढत राहिलो तर बोटं थोड्याच वेळात आखडतात. वर वारा असतोच.

अशा वेळी शरीर काटकसर करतं. हृदय, मेंदू, पोटातले अवयव गरम राहावेत म्हणून हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांचा रक्तपुरवठा सर्वांत आधी कमी होतो. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बारीक कामं जमेनाशी होतात. आणखी खाली गेलं की मज्जातंतूंचे संदेश मंदावतात आणि स्पर्श कळत नाही. बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात. तो भाग गारठला तर मोजा कितीही जाड असो, पकड ढिली पडणारच.

माझ्या रुग्णांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते: हात दुखतोय तोवर तो तुमच्याशी बोलतोय. दुखणं थांबलं आणि हात गरम झालेला नाही, तर सावध व्हा. बधिर बोटांना दोराने सोललेलं कळत नाही, आणि लाइफ जॅकेटचा पट्टा नीट बसलाय की नाही हेही कळत नाही. गार पाण्यात पडलेल्या माणसासाठी इथे '१-१०-१' असा ढोबळ नियम शिकवतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे राहण्याची, आणि बेशुद्धी यायला साधारण १ तास. त्या १० मिनिटांत शिडी धरायची असते, दोर पकडायचा असतो. होडीवर असतानाच हात लाकूड झाले असतील, तर ती १० मिनिटंही हाती उरत नाहीत.

आता मोज्यांकडे वळू.

लोकरीचे किंवा सुती मोजे एकटे घालू नका. सुती कापड ओलं झालं की ऊब संपली. मेरिनो लोकर ओली असतानाही थोडी ऊब धरते, म्हणून ती आतल्या पातळ थरासाठी चांगली. छोट्या होडीत हात सतत भिजतात, तिथे साधारण ३ मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे मोजे घ्या. त्या फेसाळ रबरात हवेचे बंद बुडबुडे असतात, तेच थंडी अडवतात. मोठ्या होडीवर बराच वेळ सुकाणू धरून बसायचं असेल, तर मासेमारीच्या बोटींवर वापरतात तसे, आत अस्तर असलेले जलरोधक मोजे स्वस्त आणि मस्त. तळव्याला कृत्रिम चामड्याचा दुहेरी थर आणि भक्कम शिवण हवी, कारण दोर तिथेच घासतो. खरं चामडं खाऱ्या पाण्याने कडक होतं.

अंगठा आणि तर्जनी उघडी असलेले मोजे गाठी मारायला सोयीचे, पण कडक थंडीत ती दोन बोटंच आधी निकामी होतात. काम नसताना वरून चढवायला सैलसर, चारही बोटं एकत्र राहणारे मोजे खिशात ठेवा. बोटं एकमेकांना ऊब देतात.

घट्ट मोजा म्हणजे गरम मोजा, हा समज खोटा. घट्ट मोजा रक्तपुरवठाच कमी करतो. दुकानात मोजे घालून मूठ वळा, एक गाठ मारा, बकल उघडा. जमलं तरच घ्या. मनगटाची बाही जॅकेटच्या आत जाईल इतकी लांब हवी. आणि टोपी, गळपट्टा, गरम बनियन विसरू नका: छाती-पोट गार पडलं की शरीर हाताचं रक्त आणखी तोडतं.

माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीतल्या एक बाई होडी विकायला निघाल्या होत्या. थंडीत त्यांची बोटं आधी पांढरीफटक, मग निळी, मग लाल व्हायची. हा रेनोचा त्रास. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं. आम्ही तपासण्या केल्या, त्यांनी सिगारेट सोडली, बीटा-ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी बदलली. किनाऱ्यावरच, हात गरम असतानाच मोजे घालायची सवय लावली आणि कोरडी दुसरी जोडी पिशवीत ठेवली. होडी अजून त्यांच्याकडेच आहे. मात्र तुमची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बोटांचा रंग असा बदलत असेल, बोटांवर जखमा होत असतील, किंवा मधुमेहामुळे हातांची संवेदना कमी असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

परत आल्यावर गारठलेले हात चोळू नका, शेगडीवर किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर धरू नका. बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. ओले मोजे काढा, हात काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. दारूने ऊब आल्याचा भास होतो, पण शरीराची उष्णता बाहेर जाते. तासन्‌तास ओलं आणि गार राहिल्यावर, बर्फ नसतानाही नसांना इजा होऊ शकते. गरम झाल्यावरही बधिरपणा किंवा जळजळ टिकली तर दाखवून घ्या.

मोजे गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, हीटरवर नको. आणि समुद्रावर शर्टाचं बटण लावता येईनासं झालं, की शर्यत सोडून किनाऱ्याकडे वळा. ते बटण तुमचा थर्मामीटर आहे.