परत न मागायचा डबा

शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही मराठी घरांतली जुनी रीत आहे. देण्यासारखे काहीच नसेल तर तळाशी चमचाभर साखर घालून तो परत जातो. त्यामुळे खाऊ देणे म्हणजे एक ये-जा सुरू करणे असे. कुरिअरने किंवा घरपोच सेवेने जाणाऱ्या खाऊने ही ये-जा थांबवली. पुठ्ठ्याचे खोके परत येत नाही, आणि ते पोचते तेव्हा पाठवणारा दारात उभा नसतो. "आजच संपवा", "यात दाणे आहेत हं", असे जे हातात ठेवताना सहज सांगितले गेले असते, त्याचा विचार पाठवणाऱ्याला आधीच करावा लागतो.

प्रवासात पदार्थाचा पहिला वैरी म्हणजे ओलावा. पुरणपोळी दोन-तीन दिवसांत उतरते; संक्रांतीची गुळपोळी आठवडाभर सहज राहते, कारण तिच्यात तीळ, बेसन आणि गूळ असतो, शिजलेले पुरण नसते. ओल्या नारळाची करंजी आणि सुक्या खोबऱ्याची करंजी यांतही हाच फरक. बेसन मंद आचेवर तुपात भाजताना त्यातले पाणी निघून जाते, म्हणून बेसनाचा लाडू परगावी पाठवावा आणि रवा-नारळाचा लाडू पलीकडच्या गल्लीत. दुसरा वैरी तेलाचा खवटपणा. चिवड्यात सर्वांत आधी खवट होतात ते खोबऱ्याचे काप. काप न घातलेला चिवडा दिसायला उणा वाटतो, पण पंधरवड्यानंतर उघडला तरी खावासा वाटतो. लांबच्या पार्सलासाठी असा साधा चिवडाच उत्तम.

हे सारे शहाणपण महाराष्ट्रात एसटीच्या फलाटावर रोज वापरले गेले आहे. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे गाडी खेड्यापाड्यांत पोचली, तसे तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांचे डबे तिच्यातून जाऊ लागले. सकाळच्या पहिल्या गाडीआधी भाकऱ्या थापून व्हायला हव्यात, आणि निवायलाही हव्यात. गरम भाकरी डब्यात कोंडली की तिला घाम सुटतो आणि दुपारपर्यंत ती चिकट होते. म्हणून ती आधी टोपलीत उघडी ठेवायची, मग धुवट फडक्यात गुंडाळायची. रस्सा पाठवायचा नाही. झुणका, मटकीची कोरडी उसळ, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. कांदा अख्खाच द्यायचा, तो तिकडे बुक्कीने फोडता येतो. स्टँडवर सगळे स्टीलचे डबे सारखेच दिसतात, म्हणून झाकणावर रंगाने नाव आणि गाव, शिवाय कडीला एखादी लाल चिंधी.

त्या डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या असतात. खोलीतल्या दुसऱ्या मुलाचे गाव या मार्गावर नसते, किंवा त्याच्या घरी यंदा पाऊसच झालेला नसतो. त्याला मागावे लागत नाही, आणि कोणी त्याला विचारूनही लाजवत नाही. भाकऱ्या मोजूनच तशा घातलेल्या असतात. संध्याकाळच्या गाडीने डबा गावी परत येतो आणि झाकण उघडताच आईला तिकडचा दिवस कळतो. ठेचा तसाच राहिला, म्हणजे पोट बरे नाही. दीड भाकरी उरली, म्हणजे दोघांपैकी एक जण खोलीवर नव्हता. डबा लख्ख धुऊन आला, म्हणजे पोर शहाणे होऊ लागले. पत्र लिहायला मुलाला सवड नसते, पण डबा रोज बोलतो. खाऊ पाठवण्याच्या साऱ्या प्रकारांत या डब्याइतका विचारी डबा दुसरा नाही.

ज्या घरी खाऊ जातो त्या घराची स्थिती ही निवडीची पुढची कसोटी. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी आणि सोयरे पिठले-भात घेऊन जातात, त्यालाच बऱ्याच ठिकाणी कडू घास म्हणतात. दूर राहणाऱ्याला तिथे घरपोच जेवण पाठवता येते. ते साधे असावे: मऊ भात, वरण, पिठले. गोड आणि चमचमीत नको. भांडी टाकून देता येतील अशीच हवीत. कोणाचा डबा कोणता हे आठवण्याचे बळ त्या घरात कोणाला नसते, आणि चमचाभर साखरेची रीत तिथे कोणी पाळू नये. पत्ता विचारायला किंवा दार उघडायला शेजाऱ्याचा फोन नंबर द्यावा, घरच्यांचा नको.

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू लांबवर जातात. अळिवाच्या लाडवात ओला नारळ असतो, ते जवळच्यांनीच करून न्यावेत. बाळंतिणीच्या खोक्यात मधाची बाटली घालू नये, कारण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो आणि चाटण देणारे हात घरात पुष्कळ असतात. मधुमेह असलेल्याला साखरेऐवजी गुळाचा लाडू पाठवणे हा प्रेमळ गैरसमज आहे. रक्तातली साखर गुळानेही वाढते. त्यांना भाजलेले फुटाणे किंवा मेतकूट आवडीने खाता येते. कवळी असलेल्या आजोबांना चिक्की नको. गोव्याच्या बेबिंकात अंडी असतात, हे पाठवण्याआधी लक्षात यावे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरेही अजून पुष्कळ आहेत.

हापूस हा भेटीतला राजा खरा, पण घेणाऱ्याला कामाला लावणारा. तयार झालेले हिरवे फळ काढून ते गवतात पिकवतात. रोज उलटून पाहावे लागते, डागी फळ बाजूला काढावे लागते. एकट्या राहणाऱ्या मावशीकडे चार डझनांची पेटी गेली तर सगळे आंबे एकदमच पिकतात आणि तिला भर उन्हात ते वाटत फिरावे लागते. तिला एक डझनच पाठवावा: अर्धे पिकलेले, अर्धे आठवड्याने पिकणारे.

परदेशी जाणाऱ्या फराळाला तिथल्या नियमांची चाळणी लागते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या खासगी पार्सलात दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून पेढा आणि बर्फी बाद. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि दिवाळीचा अनारसा तर खसखशीवरच थापला जातो. दुबईला अनारसा पाठवायचा तर पीठ पाठवावे. तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवलेले तांदूळ, कापडावर सुकवून ओलसर असतानाच दळलेले, त्यात किसलेला गूळ मळून गोळे केलेले: हे पीठ मुरते आणि टिकतेही, त्यामुळे पार्सल दोन दिवस उशिरा पोचले तरी बिघडत नाही. सोबत खसखशीऐवजी तीळ द्यावेत. शिवाय गूळ न मिसळलेल्या त्याच तांदळाच्या पिठाची एक छोटी पुडी द्यावी, वर स्वच्छ अक्षरात लिहून: "पहिला अनारसा तुपात हसला, म्हणजे विरला, तर यातले थोडे मळून घे."